चौदाशे वेळा मागे

रोझेला हागेमानची मान उजवीकडे वळेनाशी झाली ती ऐन मक्याच्या पेरणीच्या तोंडावर. डावीकडे वळायची, पण पेरणाऱ्याला मागचं यंत्र पाहायचं असतं ते उजव्या खांद्यावरून. आयोवातल्या त्या गावात ट्रॅक्टरवर बसणाऱ्या प्रत्येकाची मान त्याच बाजूने झिजलेली.

त्याआधी, ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, मान नुसती दुखायची, पण तिने हे दुखणं कुणाला सांगितलं नव्हतं. कॉफी सोडली होती, तसं तेही देवाला वाहिलं होतं. रोज पहाटे गुडघे टेकून जपमाळ ओढायची आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "हेही तुझंच." ईस्टर झाला. कॉफी परत आली, दुखणं काही गेलं नाही.

दीर नॉर्बर्ट अंगणात आला तेव्हा ती त्याच्याकडे वळण्यासाठी आख्खी फिरली. त्याने ते बरोबर टिपलं.

"वहिनी, मायलो जाऊन तीन वर्षं झाली. किती ओढाल? दहा मेपर्यंत तुमची पेरणी झाली नाही, तर मी पेरतो. मात्र मग रान माझ्याकडेच राहू द्या, खंडाने."

"आणि मी काय करू?"

"स्वेटर विणा. त्याला मान वळवावी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टर ऑटकडे गेली.

डॉक्टर ऑट चौऱ्याहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं त्यांनी गावाच्या पाठी आणि माना नुसत्या हातांनी बसवल्या होत्या. माणूस गाडीतून उतरून दारापर्यंत कसा येतो, हे ते खिडकीतून पाहत. निम्मं निदान तिथेच व्हायचं. तरी उरलेल्या निम्म्यासाठी ते घाई करत नसत. बोटांना मुंग्या येतात का, चक्कर येते का, हातातून कप निसटतो का, सगळं विचारलं. कोपरावर हातोडी टेकवून पाहिली.

"हे माझ्या हातांतलं आहे," ते म्हणाले. "नसतं, तर तुला आत्ताच शहरातल्या इस्पितळात धाडलं असतं. पण दोन महिने गप्प का बसलीस गं?"

"देवाला वाहिलं होतं."

"देवाने तुझी मान मागितली होती?"

"मी कॅथलिक, तुम्ही लुथरन. तुम्हाला नाही कळायचं."

"खरं आहे. आम्ही कॉफी सोडत नाही, नुसती पितो."

ती हसली आणि त्याच क्षणी त्यांनी तिची मान हलकेच फिरवली. आत कुठेतरी सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. रोझेलाने भीत भीत उजवीकडे पाहिलं. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ते सुख दोन दिवस टिकलं. ढेकळं फोडायला ट्रॅक्टर काढला आणि मान पुन्हा अडली. ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली, मान पुन्हा बसली, पुन्हा अडली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी हात पाठीमागे बांधले.

"आज हात लावणार नाही."

दहा तारखेला सहाच दिवस उरले होते.

"मी बसवतो आणि तू उसवतेस. कुठे उसवतेस ते मला पाहू दे. यंत्र जोडून ठेव, दुपारी येतो."

आणि ते आले. ट्रॅक्टरच्या पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरले, तर म्हणाले, "मी मणक्यांचा डॉक्टर आहे, गुडघ्यांचा नव्हे." बाजूच्या छोट्या खुर्चीत अंग चोरून बसले. पहिली फेरी सुरू झाली आणि रोझेलाला कसलीशी टिकटिक ऐकू येऊ लागली. यंत्रातच काही बिघडलं असेल असं तिला वाटलं, पण नेहमीसारखी अडलेली मान ओढत ती मागे पाहत राहिली.

अर्ध्या मैलावर बांध आला. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळा मागे पाहिलंस?"

"असेल चार-पाच वेळा."

त्यांनी मूठ उघडली. तिच्यात, त्यांच्या चर्चमध्ये रविवारी आलेल्यांची डोकी मोजायला वापरतात ते छोटं यंत्र होतं; अंगठ्याने दाबलं की टिक करून एक आकडा पुढे जाणारं. त्यावर आकडा होता त्रेचाळीस.

"या तुकड्यात तेहतीस फेऱ्या. म्हणजे चौदाशे वेळा. माझ्या दोन हातांनी चौदाशेंना कसं पुरं पडावं?"

तिने इंजिन बंद केलं. मग हळू आवाजात बोलली.

"एकतीस वर्षांची होते. जुन्या यंत्राची एक साखळी तुटली आणि मी मागे पाहिलंच नाही. दर फेरीला एक ओळ रिकामी गेली. जूनमध्ये मका वर आला आणि सगळं उघडं पडलं, तेही चर्चला जायच्या रस्त्याकडेला. मायलो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. प्रत्येक ओळीची एक हिरवी पट्टी. दाणा पडेनासा झाला की पट्टी लाल होते आणि घंटी वाजते.

"त्या यंत्राला डोळे नव्हते. याला आहेत."

"मला माहीत आहे ते."

"तुला माहीत आहे. तुझ्या मानेला नाही."

मग त्यांनी खुर्चीखालचा दांडा ओढला आणि खुर्ची उजवीकडे फिरली. मायलोने सरळ लावली होती म्हणून तीन वर्षांत तिने त्या दांड्याला हात लावला नव्हता. आरशाला टांगलेल्या जपमाळेकडे पाहत डॉक्टर म्हणाले, "यातले दहा मणी म्हणायला किती वेळ लागतो?"

"तीन मिनिटं. मी घाई करत नाही."

"फेरी सहा मिनिटांची आहे. वीस मणी होईपर्यंत मागे पाहायचं नाही. झाले की थांबायचं, खुर्ची फिरवायची आणि सगळ्या अंगाने, मन भरेपर्यंत पाहायचं."

"लुथरन माणूस मला जपमाळ सांगतोय!"

"माझ्या पाद्र्याला कळवू नकोस."

खाली उतरल्यावर, स्वयंपाकघरातली खुर्ची अंगणात मांडून त्यांनी तिची मान बसवली.

पहिल्या फेरीत आठव्या मण्यालाच मान आपण होऊन निघाली. तिने माळ घट्ट धरली. दुसऱ्या फेरीत चौदाव्याला. तिसऱ्या दिवशी घंटी वाजली आणि सातवी पट्टी लाल झाली. ती उतरली. नळीत ओला चिखल अडकला होता, तो काटकीने काढला आणि यंत्रावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. तिने पाहिलं नव्हतं, तरी कुणीतरी पाहत होतं. नऊ तारखेला शेवटची फेरी पेरून झाली.

मेअखेरच्या रविवारी प्रार्थना आटोपून ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. उजवीकडून हाक आली, "वहिनी." तिने मान वळवली. नुसती मान.

नॉर्बर्ट बघतच राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "एकही ओळ रिकामी नाही. गाडीतून उतरून चालत पाहिलं मी."

"काही सापडावं म्हणून?"

"मनात होतं खरं. नाही सापडलं." तो ओशाळून हसला. "शरदात तुमचा मका काढायला येऊ का? मदतीला, नुसता."

"या. जेवायलाही या."

रस्त्यापलीकडे लुथरन चर्चच्या दारात डॉक्टर ऑट आत जाणारी डोकी मोजत उभे होते. रोझेलाने उजव्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला आणि त्या छोट्या यंत्रावर अंगठा एकदा दाबला.