मिठाची जागा

दीनानाथांनी दुसऱ्या ताटात भाताची मूद पाडली, तिच्यावर वरण घातलं आणि तुपाचं भांडं उघडलं, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत भर दुपारी कोणी कोणाकडे जात नसे. ते तसेच उभे राहिले. बेल पुन्हा वाजली. तूप वाढून, झाकण लावून, पंच्याला हात पुसत त्यांनी दार उघडलं.

बाहेर आम्रपाली सिस्टर उभ्या होत्या. कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन बघणारी एक संस्था होती, तिच्याकडून त्या दीनानाथांच्या बायकोसाठी, वासंतीसाठी यायच्या. वासंतीला कुशीवर कसं वळवायचं, मॉर्फिनची गोळी कधी द्यायची, हे सगळं त्यांनीच दीनानाथांना शिकवलं होतं. वासंती गेल्यावर स्मशानातही त्या शेवटपर्यंत थांबल्या होत्या.

"काका, फोन का उचलत नाही?"

"बिघडलाय."

आत टेबलावर फोन वाजायला लागला. दोघांनीही तो ऐकला.

"अपूर्वाचा असेल," दीनानाथ म्हणाले. "तिच्यापुरता चालू असतो."

ते आत गेले. मुलगी बंगळूरहून रोज याच वेळेला फोन करायची. "हो, जेवलो," त्यांनी सांगितलं. "हो, झोप लागते. नाही, काही नकोय." फोन ठेवून वळले तर सिस्टर चपला काढून आत आल्या होत्या आणि टेबलाकडे बघत होत्या.

टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. एक दीनानाथांचं. दुसरं समोर, खिडकीकडच्या खुर्चीपुढे. त्या ताटात भाजी होती, कोशिंबीर होती, लिंबाची फोड होती. आणि वरच्या बाजूला मधोमध, जिथे मीठ वाढतात तिथे, एक पांढरी गोळी होती.

"काकूंचं पान?"

"हो. एकाचंच वाढायला हात वळत नाही."

"आणि ही?"

"जेवणाबरोबर घ्यायची ती. तुम्हीच सांगितलं होतं."

सिस्टरांनी पर्स खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली. "मी उरलेल्या गोळ्या परत न्यायला आलेय, काका. त्या परत कराव्या लागतात. तुम्ही सापडत नाहीत म्हणालात, म्हणून थांबले होते." मग त्या जरा हळू बोलल्या. "हे पान नंतर कोण जेवतं?"

दीनानाथांनी पंच्याची घडी घातली. ती मोडून पुन्हा घातली.

"टाकायचं कसं?" ते म्हणाले.

घरात वासंतीचा एकच कायदा होता. पानात काही टाकायचं नाही. अपूर्वा लहान असताना पडवळाची भाजी लपवायची, तर वासंती शेजारी बसून शेवटची फोड संपेपर्यंत उठायची नाही. दीनानाथांनाही सूट नव्हती. "घेताना हाताला कोणी धरलं नव्हतं ना?" असं ती विचारायची. सूट होती ती फक्त मिठाला. मीठ तेवढं पानात उरलं तर चालायचं.

तिच्यामागे पहिल्यांदा त्यांनी तिचं पान वाढलं, तेव्हा सवयीने गोळीही ठेवली. स्वतःचं जेवले आणि मग समोर बसून तिच्या पानातलंही जेवले, कारण ते टाकवेना. शेवटी गोळी उरली. त्यांनी तीही पाण्याबरोबर गिळली. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी घर गप्प वाटलं नाही. दुःख होतं, पण ते शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं. मग रोज दुपारी. मग रात्रीच्या पानातही. एकदा ठरवून बंद केली, तर नाक गळायला लागलं, अंगावरचा काटा जाईना, पाय जागेवर ठरेनात. साथ आली असेल म्हणून ते दोन ब्लँकेटं घेऊन पडून राहिले. गोळी घेतली आणि साथ गेली. तेव्हा मात्र त्यांना कळलं. पाकिटं संपत आली तशी त्यांनी आळंदी रस्त्यावरच्या एका औषधवाल्याकडे विचारून बघितलं. तो म्हणाला, "आजोबा, ह्याला चिठ्ठी लागते," आणि नंतर ज्या नजरेने त्याने बघितलं, तेव्हापासून दीनानाथ त्या फुटपाथने जात नसत.

यातलं त्यांनी सगळं सांगितलं नाही. साथीचं सांगितलं. उरलेलं सिस्टरांनीच ओळखलं असावं. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून दीनानाथांच्या डोळ्यांत बघितलं. नाडी बघितली. छातीकडे बघत जरा वेळ श्वास मोजला.

"पोट साफ होतं का?"

"हा समोर पान वाढलेलं असताना विचारायचा प्रश्न आहे का?"

"म्हणजे नाही होत."

दीनानाथांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ते उठले, वासंतीच्या कपाटातून गोळ्यांची पाकिटं घेऊन आले आणि टेबलावर ठेवून बाजूला उभे राहिले. उभे राहताना त्यांचे हात कोपरापासून थोडे वर उचलले गेले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. रोज सकाळी फाटकावर झडती व्हायची. काडीपेटी, विडी, काही आहे का ते बघायचे. त्यांच्या खिशात कधी काही सापडलं नव्हतं.

"हात खाली करा, काका."

त्यांनी केले.

"मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही," ते म्हणाले. "आमच्या खात्यात सोनबा म्हणून होता एक. प्यायचा. डब्याच्या सुट्टीत आम्ही कोणी त्याच्या शेजारी बसत नसू. आता माझं काय म्हणायचं?"

"काकू इतके महिने हीच गोळी घेत होत्या. त्यांना काय म्हणालो आपण?"

"तिला दुखत होतं."

सिस्टर नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. दीनानाथांनी मान खाली घातली आणि टेबलावर सांडलेलं भाताचं एक शीत बोटाने टिपलं.

"अपूर्वाला सांगणार का तुम्ही?"

"ती तुमची मुलगी आहे. तुम्ही सांगा. लगेच नको वाटलं तर लगेच नको."

सिस्टर फोन घेऊन गॅलरीत गेल्या आणि डॉक्टरांशी बोलल्या. आत आल्या तेव्हा त्यांनी सुरी मागितली.

"एकदम तोडायची नाही. तोडली तर ती साथ परत येते. कमी कमी करत सोडवतात, आणि त्यासाठी संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलंय. मी न्यायला येते. आत्ता अर्धीच."

त्यांनी वासंतीच्या ताटातली गोळी उचलली आणि सुरीने दोन तुकडे केले. एक तुकडा पाकिटांबरोबर पर्समध्ये गेला. दुसरा त्यांनी दीनानाथांच्या तळहातावर ठेवला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"औषध पानात वाढत नाहीत, काका. हातात देतात."

दीनानाथांनी गोळी घेतली. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत त्या समोर उभ्या होत्या. वासंतीला गोळी देताना ते स्वतः असेच उभे राहायचे, हे त्यांच्या लक्षात आलं.

"आता मला भूक लागलीय," सिस्टर म्हणाल्या. "डबा ऑफिसात राहिला. इथे बसू?"

त्यांचा हात खिडकीकडच्या खुर्चीवर होता. दीनानाथ जरा वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग ते वळसा घालून गेले आणि त्यांनी ती स्वतः मागे ओढून दिली.

वरण गार झालं होतं. "थांबा, गरम करतो," ते म्हणाले.

"राहू द्या. गारच बरं लागतं."

त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, थांबल्या आणि ताटाकडे बघितलं.

"काका, मीठ वाढायचं राहिलंय."

दीनानाथांनी बघितलं. लिंबाच्या फोडीशेजारची जागा रिकामी होती. त्या ताटात मीठ वाढल्याला किती दिवस झाले, ते त्यांना आठवेना. त्यांनी बरणी आणली आणि चिमूटभर मीठ बरोबर त्या जागी ठेवलं. मग ते आपल्या ताटावर बसले.

जेवताना फार बोलणं झालं नाही. भाजीत दाण्याचं कूट जास्त झालंय, असं सिस्टर म्हणाल्या. वासंतीच्या हाताने कमी पडायचं, म्हणून आपण जास्त घालतो, असं दीनानाथ म्हणाले.

पुढचा पेशंट वाट बघत होता, त्यामुळे सिस्टर हात धुऊन लगेच निघाल्या. "संध्याकाळी तयार राहा. आणि फोन दुरुस्त करून घ्या," जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या.

दार लावून दीनानाथ टेबलाशी आले. खिडकीकडचं ताट त्यांनी उचललं. भात, भाजी, कोशिंबीर, सगळं संपलं होतं. वरच्या बाजूला मीठ तेवढं उरलं होतं.

ते ताट त्यांनी नळाखाली धरलं.