आम्ही गात नाही, आम्ही पोचतो

फोन वाजला की वहिनी आधी श्वास घ्यायची, मग रिसीव्हर उचलायची. पलीकडचं माणूस पत्ता सांगे, घाई सांगे, पेट्या किती ते सांगे. "आलीच गाडी," म्हणून ती फोन ठेवी आणि वायरलेसचं बटण दाबे. मग तिच्या तोंडून जे बाहेर पडे ते नुसता पत्ता नसे.

"टाकीपाशी वळा, घाला अर्धा फेरा,
जिन्याखाली उभा टोपीवाला म्हातारा."

चार रस्ते पलीकडून भाऊजींचा खरखरता आवाज येई. "समजलं. टोपीचा रंग राहिला."

"यमकात बसला नाही. म्हातारा बसवा गाडीत, रंग तुम्हीच बघा."

भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर. नवरा जहाजावर, वर्षाकाठी एकदा घरी येणारा. घरात उरली ती, सासूबाई आणि हे भाऊजी. गाड्या दोन. दुधी रंगाची वहिनीची, ती भाऊजी चालवायचे. दुसरी निळी, ती चालवणाऱ्याची स्वतःची. तो पूर्वी बसवर कंडक्टर होता, म्हणून त्याला सगळे कंडक्टरच म्हणत. गाडीत एकटं माणूस बसलेलं असलं तरी तो सवयीनं म्हणायचा, "पुढं सरका, जागा आहे."

कचेरी म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. तिथं आधी शिंप्याचं दुकान होतं. भिंतीवरचा उभा आरसा तसाच राहिलेला, फरशीच्या फटींत टाचण्या. सासूबाई त्या अनवाणी पायानं शोधायच्या आणि सापडली की सुनेच्या नावानं ओरडायच्या, जणू तिनंच पेरून ठेवली होती.

हा धंदा सुरू झाला तो एका अपमानातून. वहिनी शहरातल्या मोठ्या टॅक्सी कंपनीत फोनवर बसायची. कानाला यंत्र, समोर काचेची भिंत, अठरा बायका एका ओळीत, सगळ्यांचा आवाज एकाच इस्त्रीचा. एका पेंगुळलेल्या दुपारी तिनं एका ड्रायव्हरला पत्ता दोन ओळींत जुळवून सांगितला. तो हसला, जागा झाला, पत्ता विसरला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा म्हणाला, "बाई, मलाही तसाच द्या." आठवडाभरात अख्खी लाइन गुणगुणायला लागली. मालक काचेमागून बाहेर आले.

"बाई, इथं पत्ता सांगायचा. गाणी घरी."

"मग घरूनच सांगते," ती म्हणाली. कानातलं यंत्र काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि चपला घालून बाहेर पडली. 

मग परवान्याच्या खिडक्या, मीटरची सीलं, टपावरचा दिवा, वायरलेसची मंजुरी. स्टेशनच्या रांगेत या दोन गाड्यांना कुणी उभं राहू देईना. कंपनीच्या गाड्या नाकाला नाक लावून वाट अडवायच्या. "राहू दे रांग," वहिनी म्हणाली. "आपण बोलावल्याशिवाय जायचंच नाही. आपण पाहुण्यासारखे जाऊ." तिनं फोन नंबर असा मिळवला की तो लहान पोरालाही पाठ व्हावा, आणि औषधाच्या दुकानांत, लॉजच्या काउंटरवर, दवाखान्याच्या भिंतीवर तो चिकटवून आली. नंबर गावभर झाला. लोक म्हणू लागले, गाणाऱ्या बाईला फोन करा.

आणि मग ती चुकली.

कालव्यावरच्या पुलाच्या अलीकडे एक घड्याळजी राहायचे. घड्याळं दुरुस्त करून करून डोळ्यांवर जाळं आलेलं. ऑपरेशनची तारीख मुश्किलीनं मिळालेली, सर्जन बाहेरगावाहून यायचे. लेकीनं सकाळी फोन करून गाडी सांगितली. पुलाच्या आधी, डाव्या हाताची गल्ली. वहिनीनं ऐकलं, श्वास घेतला, बटण दाबलं.

"दोनच वळणांचं राहिलं अंतर,
घड्याळजींचं घर पुलाच्या नंतर."

अंतर म्हटल्यावर नंतर आलं. आपोआप, पाण्यासारखं. तिला कळलंसुद्धा नाही. कंडक्टर पूल ओलांडून गेला. पलीकडेही डाव्या हाताला गल्ली होतीच. तो थांबला, हॉर्न वाजवला, पुन्हा थांबला.

"वहिनी, इथं घड्याळजी नाहीत. एक कुत्रं आहे, पण त्याला काही ऑपरेशनला जायचं दिसत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. घड्याळजींची लेक होती. ती बोलत नव्हती, कडाडत होती. वहिनीनं बटण दाबून कंडक्टरला मागे फिरायला सांगितलं. पूल एकमार्गी. परत यायचं तर सगळा कालवा वळसा घालून, शाळेच्या गर्दीतून. निळी गाडी दारात पोचली तेव्हा घड्याळजी पायरीवर बसले होते आणि सर्जनच्या टेबलावर दुसरं कुणी झोपलं होतं.

बातमीला पाय फुटतात ते अशा वेळी. आठ दिवसांत कंपनीच्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर पिवळा कागद लागला. त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही गात नाही. आम्ही पोचतो.'

"भाषा बरी आहे हो मेल्यांची," सासूबाई खिडकीतून वाचून म्हणाल्या. त्या लसूण सोलत होत्या. "कुणी लिहून दिलं असेल?"

"आई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"मी लसणाच्या बाजूची."

फोन वाजायचा कमी झाला. वाजला तरी लोक विचारत, "वेळेवर येईल ना नक्की?" वहिनी हो म्हणायची आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा. दोन दिवस तिनं साधे पत्ते सांगून पाहिले. कंडक्टरनं वायरलेसवर विचारलं, "वहिनी, तब्येत बरी नाही का?"

मग एका दुपारी मालक स्वतः आले. आरशासमोर उभे राहून त्यांनी आधी कॉलर नीट केली, मग खुर्ची ओढली.

"बाई, भांडायला नाही आलो. तुमचा नंबर आम्हाला द्या. लोकांच्या तोंडी आहे तो. तुम्हीही या, जुन्या जागेवर. तुमच्या दिरांनाही घेऊ, कायमचं. अट एकच, तुम्हाला ठाऊक आहे ती."

"तोंड मिटून."

"पत्ता सांगायचा, बस. उद्या दुपारी येतो. तोवर विचार करा."

ते गेले तसे भाऊजी उठले. इतके दिवस दाबून ठेवलेलं भसकन बाहेर आलं. "वहिनी, आता पुरे. तुझ्या हट्टापायी मी स्टेशनबाहेर भिकाऱ्यासारखा उभा राहतो. कंपनीची पोरं काच खाली करून मला गाणी म्हणून दाखवतात. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तर तिचा बाप विचारतो, गाणाऱ्या टॅक्सीवाले ते तुम्हीच का?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार! तो हसत होता."

"भाऊजी, चूक माझी. ती मी निस्तरते. पण नंबर नाही देणार."

"मग गाडी कोण चालवणार? मी उद्या त्यांच्याबरोबर जाणार."

सासूबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. 

संध्याकाळी वहिनी चालत घड्याळजींच्या घरी गेली. दार लेकीनं उघडलं, आणि लगेच निम्मं लावूनही घेतलं.

"आता काय राहिलंय?"

"सांगायला आले. चूक ड्रायव्हरची नव्हती, माझी होती. यमक जुळत होतं म्हणून मी आधीचं नंतर केलं. पुढच्या तारखेला मी स्वतः न्यायला येईन. दारापासून टेबलापर्यंत."

"तुमच्या गाडीत? आणि वाटेत गाणार वाटतं?"

"गाडीत नाही गाणार. पण धंद्यात गाणं सोडणार नाही, हेही सांगून ठेवते. नाहीतर मागाहून म्हणाल, फसवलं."

लेक बघतच राहिली. माफी मागायला आलेलं माणूस असं ताठ मानेनं बोलतं हे तिला नवीन होतं. आतून घड्याळजींनी हाक मारली, "कोण, गाणारी बाई? आत येऊ दे तिला." लेक पाणी आणायला गेली तसे ते पुढे वाकले आणि कुजबुजले, "फार उपकार झाले हो तुमचे. मला त्या सुरीची भयंकर भीती वाटते. पुढच्या वेळीही थोडं चुका."

वहिनीला हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. "नाही काका. आता चुकायचं नाही ठरलंय. तुमचा हात धरीन हवं तर."

"हे काही बरं नाही तुमचं," घड्याळजी म्हणाले आणि रुसून मागे टेकले.

परतताना ती पुलावर थांबली. खाली कालव्याचं पाणी काळोखत चाललं होतं. तिला तिची आई आठवली. आई धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरी पिळायला दोन बायका लागत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पिळताना गाणं असायचं. पहिली ओळ आईची.

"पांढऱ्या चादरीला निळीचं पाणी,"

आणि समोरची उत्तर द्यायची,

"पाणी निथळू दे गं, मग बोल राणी."

समोरून ओळ आल्याशिवाय आई पीळ देत नसे. दिलाच तर चादर हातातून निसटून चिखलात. वहिनी कठड्याला धरून उभी राहिली. इतके दिवस आपण एकटीच पिळत होतो! दोन्ही ओळी आपल्याच तोंडून. समोर माणूस होतं, आणि आपण त्याला टोकच धरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आले. सोबत करारनामा आणि पेन. कंडक्टर दाराशी उभा, भाऊजी आरशाकडे पाठ करून. सासूबाई कोपऱ्यात.

"नंबर देत नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या चुकीवर तुम्ही कागद छापलात, छापा. खरंच आहे ते. पण चूक गाण्याची नव्हती, एकटीनं गाण्याची होती. आजपासून पहिली ओळ माझी, दुसरी ड्रायव्हरची. ठिकाण दुसऱ्या ओळीत परत आलं पाहिजे. ते आल्याशिवाय गाडी हलायची नाही."

"म्हणजे आता ड्रायव्हरही गाणार?" मालकांनी कंडक्टरकडे पाहिलं.

"मी बसमध्ये वीस वर्षं ओरडलोय साहेब," कंडक्टर म्हणाला. "गाणं त्यापुढं सोपं."

"दोन गाड्यांची कंपनी, बाई! आमच्या नुसत्या पंक्चर गाड्या यापेक्षा जास्त असतात."

"मग त्या आधी काढून घ्या. रस्ता अडतो."

मालक उठले. भाऊजींनी दुधी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. तिचा आवाज खोलीभर झाला. "येतो," ते म्हणाले, कुणालाच न म्हटल्यासारखे, आणि मालकांच्या मागून गेले. वहिनीला वाटलं आता सासूबाई रडतील, नाहीतर शिव्या देतील. पोटचं पोर गेलं होतं.

सासूबाई उठल्या, हात पदराला पुसले आणि फोनच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"किल्ली काय बघतेस? घे. तुला चालवता येते ना? का तेही मीच करू?"

"आई, फोन…"

"अगं, या शहरात माझ्या नवऱ्यानं घरोघर दूध घातलं, आणि मी त्याच्या मागून बाटल्या गोळा केल्या. गल्ल्या मला शिकवू नकोस. आणि तुझी गाणी इतके दिवस कानावर पडतायत. त्यापेक्षा वाईट तरी मी करणार नाही."

त्यांनी वाईटच केली, पण ठसक्यात केली. लोकांना आधी शिव्या वाटायच्या. एका गिऱ्हाइकाला त्यांनी "दोन माणसं म्हणतोस, मागं कोण रडतंय? तीन सांग की," असं विचारलं, आणि खरंच त्याची सासूही येणार होती. कंडक्टर दुसरी ओळ देताना अडखळायचा, यमक सुटायचं, ठिकाण मात्र सुटायचं नाही. वहिनी दुधी गाडी चालवायला लागली तशी तिला कळलं, आपण शहर नुसतं कानानं ओळखत होतो. कुठे खड्डा आहे ते कुठल्याच ओळीत नव्हतं.

घड्याळजींच्या नव्या तारखेला सकाळी ती गाडीत बसली आणि वायरलेस खरखरला.

"घड्याळजींचं घर पुलाच्या आधी,"

वहिनीनं किल्ली फिरवली नाही. आधी उत्तर.

"आधीच थांबते, आई, सासू नाही साधी."

"कळलं ना? मग नीघ आता. लाडात येऊ नकोस."

घड्याळजी दारात तयार होते. तयार म्हणजे लेकीनं दंडाला धरलेले. मागच्या सीटवर बसल्यापासून ते सांगत होते की त्यांना आज कसं स्पष्ट दिसतंय. "ती पिवळी पाटी वाचू का? वाचतो बघा." समोर सिग्नल लाल झाला आणि शेजारी कंपनीची गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर भाऊजी. इस्त्रीचा गणवेश, कानाला यंत्र. मागच्या काचेवर पिवळा कागद.

भाऊजींनी वहिनीला पाहिलं. घड्याळजींना पाहिलं. मग काच खाली केली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "आईला सांग, मी बरा आहे म्हणून."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. वहिनीनं गिअर टाकला.

"फोन करून सांगा, भाऊजी. त्याच बसल्यात फोनवर. नंबर तोच आहे."