सेक्रेटरीचे बूट

लंडनच्या बंदराकाठी, आमच्या वॅपिंगमध्ये, खून झाला की पोलीस आधी खुन्याचा पक्ष शोधून काढतात; खुनी मागाहून सापडला तर सापडला. अठराशे सत्त्याऐंशी सालात असे तीन खून झाले. पहिला रशियातून पळून आलेल्यांनी केला, दुसरा बेकारांच्या मोर्चेवाल्यांनी, तिसरा स्वतंत्र आयर्लंडवाल्यांनी, असं वर्तमानपत्रांत आलं. फासावर कुणीच गेलं नाही. दर खुनामागे एक सभा बंद, एक छापखाना बंद आणि इन्स्पेक्टर गॅमनच्या हाताखाली दोन माणसं जास्त, एवढी प्रगती मात्र झाली. मी विनोदी साप्ताहिक चालवून निवृत्त झालेला माणूस. योगायोगावर माझा विश्वास आहे. पण तोच तिसऱ्यांदा दारात आला की मी त्याला नाव-गाव विचारतो.

चौथा खून नोव्हेंबरात, मंगळवारी संध्याकाळी आठ ते नऊच्या दरम्यान झाला. घरमालकांचा एजंट ट्रेडगोल्ड आपल्याच कचेरीत मरून पडला होता, मानेत चांभाराची रापी. या ट्रेडगोल्डने सप्टेंबरात अकरा आयरिश कुटुंबं रस्त्यावर काढली होती. त्यांतलं एक डर्मट हॅनराहनचं, आणि डर्मट धंद्याने चांभार. गॅमनला यापुढे काही लागलं नाही. बुधवारी दुपारी डर्मट कोठडीत होता.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे गुत्त्याच्या माडीवर कोरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी बसली. ज्यूरीत आम्ही तेरा जण, सगळे आळीतलेच. बॅग्शॉ खाटीक आमचा म्होरक्या. मागच्या पडवीत पिंपांशेजारी ठेवलेलं प्रेत आम्ही रिवाजाप्रमाणे पाहून आलो. आता आम्ही "खून डर्मटने केला" म्हटलं की तो थेट मोठ्या कोर्टात जाणार, आणि त्या वर्षी आयरिश माणूस मोठ्या कोर्टातून एकाच दाराने बाहेर पडत असे. त्याची बायको नोरा जिन्यापाशी उभी होती. कुणी खुर्ची दिली तरी बसेना.

"मंगळवारी संध्याकाळी कुठे होतास?" कोरोनरने विचारलं.

"आमच्या आयरिश क्लबात, साहेब. साडेसात ते दहा. आठपासून तर मीच बोलत होतो."

"साक्षीला कोण?"

"सहा जण होते. बुधवारी तुमचे लोक मला धरायला आल्यावर पाच पळाले."

गॅमन उठला. "क्लबाचं इतिवृत्त सापडलेलं नाही, साहेब. असं काही इतिवृत्त असेल असंही वाटत नाही."

ज्यूरीला प्रश्न विचारायचा हक्क असतो. सहसा तो कुणी वापरत नाही, कारण चौकशी लांबली की जेवण लांबतं. मी वापरला. "डर्मट, पाच पळाले. सहावा कोण?"

"सेक्रेटरी, मिस्टर ट्विग. इतिवृत्त तोच लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. वेळेवर येणारा आणि शुद्धीवर असणारा आमच्यात तोच एक होता, म्हणून एकमताने निवडला."

"कुठे आहे तो?"

डर्मटने नोराकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "इन्स्पेक्टरसाहेबांच्या मागे बसलाय. दाढी काढलीय."

"तो सार्जंट पर्किस आहे," गॅमन म्हणाला.

"असेल. पण उजवी टाच बाहेरून झिजते त्याची. तीनदा नाल मारलाय मी. आणि आतल्या बाजूला पोलीसखात्याचा शिक्का आहे."

कोरोनरने चष्मा पुसला. "सार्जंट, पाय वर करा."

पर्किसने गॅमनकडे पाहिलं. गॅमनने खिडकीकडे. पाय वर आला, शिक्काही दिसला. मग पर्किसला शपथ दिली.

"हॅनराहन आठपासून बोलत होता का?" कोरोनरने विचारलं.

"हो, साहेब. सव्वानऊपर्यंत, आयर्लंडातल्या जमिनीच्या प्रश्नावर. दोनदा थांबवलं, थांबला नाही. मी शब्दशः उतरवून घेतलंय." त्याच्या आवाजात जरा अभिमानच होता. "वही बुधवारी सकाळीच इन्स्पेक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवली."

सकाळी वही, दुपारी अटक. बॅग्शॉ माझ्या कानात म्हणाला, "हे जे मला कळलंय ते कळायला नको होतं." बाराच्या ठोक्याला आम्ही निकाल दिला: खून, अज्ञात व्यक्तीकडून. त्या अज्ञात व्यक्तीला गॅमन इतका जपत का होता, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. माझा एकच हक्क होता आणि तो वापरून झाला होता.

डर्मट सुटला. त्याच संध्याकाळी क्लबातला म्हातारा हमाल क्युसॅक त्याच्या दुकानात आला. मी तिथेच होतो.

"दीड वर्ष तो आमच्यात बसला. तुला माहीत होतं?"

"पहिल्या नालापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"गिऱ्हाइकाच्या बुटात काय दिसलं ते बाहेर सांगायचं नाही. बापाने शिकवलंय. आणि पोलिसासमोर जेवढं बोलायचं तेवढंच मी बोलत होतो."

"तुझ्यासाठी पोलीस शपथेवर उभा राहिला," क्युसॅक म्हणाला. "साठ वर्षांत पोलिसाने आयरिश माणूस वाचवलेला मी पाहिला नाही. आपला माणूस असल्याशिवाय कुणी वाचवतं होय?"

दुसऱ्या दिवशी दारावर खडूने लिहिलेलं होतं: खबऱ्या. नोराने ते पुसलं. पुन्हा लिहिलं गेलं. तिसऱ्यांदा पुसल्यावर तिने फडकं धुतलंही नाही, दाराशीच ठेवलं. आमच्याकडे खुनी म्हटलेल्या माणसाला लोक दबकून का होईना रामराम करतात. खबऱ्या दिसला की रस्ताच बदलतात.

"यापेक्षा फाशी बरी होती," डर्मट म्हणाला.

"फाशी बरी म्हणणाऱ्याला दोन वेळा जेवायला लागतं अजून," नोरा म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. तिच्या मते पुढच्या जहाजाने लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जावं. डर्मटच्या मते आता गेलं तर तो कबुलीजबाबच ठरेल.

रविवारी तो माझ्याकडे आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"म्हातारबा, तो प्रश्न तुम्ही विचारलात. निदान तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?"

"आहे की. बस."

तो बसला. चहा झाला. मग त्याने हळूच विचारलं, "मग खरं सांगा. ट्रेडगोल्डला कुणी मारलं असेल? गॅमनने वही का दडवली? तुम्हाला काय वाटतं?"

मला बरंच वाटत होतं. चाळीस वर्षं मी मंत्र्यांना नावं ठेवली, राणीच्या नातेवाइकांनाही सोडलं नाही, तोंडाला कधी कुलूप म्हणून घातलं नाही. मी कप खाली ठेवला, डर्मटच्या प्रामाणिक चेहऱ्याकडे बघितलं, त्याच्या दारावरचा खडूचा शब्द आठवला आणि म्हणालो, "यंदा धुकं जरा लवकरच पडलं, नाही?"

डर्मटने टोपी घातली. "सोमवारचं जहाज आहे," तो म्हणाला. "नोराला सांगतो, सामान बांध."