अजिनाथच्या डोक्यावरचा हात

पडेगावच्या आमच्या घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. आबा, म्हणजे माझे वडील पुंजाराम, गेले त्या दिवशीसुद्धा एवढ्या चपला नव्हत्या. मी रिक्षातून उतरले तेव्हा ओट्याजवळ बायका एकमेकींच्या खांद्यावरून माना लांबवत होत्या आणि शेजारच्या मनकर्णाबाई आल्यागेल्याला माहिती देत होत्या.

"पाची बोटं हायेत, मोजून घ्या. अंगठा कानाकडं, करंगळी मागं. पुंजारामाचाच पंजा. मी वळखला ना, जन्मभर बघितलाय."

"इथून दिसतो का?"

"पुढं व्हा की. पण हात लावू नका, भाजतं म्हणे."

घरात, आबांच्या हार घातलेल्या फोटोखाली, माझा धाकटा भाऊ अजिनाथ पाटावर बसला होता. मान खाली. दहाव्याला मुंडण केलेल्या त्याच्या डोक्यावर विरळ खुंट आले होते आणि त्या खुंटांच्या मधोमध एका पसरलेल्या पंजाचा आकार होता. तुळतुळीत, लालसर, पाची बोटांसकट. लोक येत होते, हात जोडत होते, वाकून डोकं बघत होते. एकाने व्हिडिओ काढला. अजिनाथशी मात्र कुणी बोलत नव्हतं. त्याची छोटी मुलगी संस्कृती "पप्पा, पप्पा" करत त्याच्याकडे झेपावत होती आणि तिची आई, रूपा, तिला मागे ओढत होती.

"का ओढतेस तिला?" मी विचारलं.

"महाराजांनी सांगितलंय ताई. हात डोक्यावर हाय तोवर लेकरानं शिवायचं नाय."

झालं होतं ते असं. आबांच्या छातीत दुपारी कळ आली. ओट्यावर बसून त्यांनी अजिनाथला दोनदा फोन लावला. अजिनाथ वाळूजला कंपनीत कामावर होता. तिथे मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर त्याने फोन बघितला तेव्हा आबा राहिले नव्हते. कंपनीचा नियम कुणाच्या लक्षात राहिला नाही. धाकट्याने बापाचा फोन उचलला नाही, एवढंच वस्तीत फिरत राहिलं.

दहाव्याला दोघा भावांचं मुंडण झालं. सव्वा महिन्याच्या कार्यक्रमाला थोरल्या शिवशंकरदादाच्या डोक्यावर काळेभोर केस दाट उभे होते. अजिनाथचं डोकं लांबून टक्कलच वाटत होतं.

"एकच न्हावी, एकच वस्तरा, एकच बाप," मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "मग ह्याचेच कामून येईनात?"

खरं तर प्रश्न चांगला होता. असा प्रश्न पडला की माणसाने एखादं पुस्तक उघडावं, डॉक्टरला विचारावं, निदान शेजारच्या दोघातिघांची डोकी बघावीत. आमच्याकडे तो प्रश्न कारभारी महाराजांकडे नेला गेला. हे महाराज खुलताबादच्या पुढच्या एका वस्तीवर मठ करून राहतात. घरी आले ते थेट आबांच्या खुर्चीत बसले.

मी त्या दिवशी शहरात, ऑफिसात होते. महाराज काय बोलले ते मी नंतर व्हिडिओत ऐकलं. व्हिडिओ तोवर पडेगावभर झाला होता.

"केस म्हंजी काय? केस म्हंजी पितरांचं पीक! बाप वरून पाणी सोडतो अन् लेकाच्या डोक्यावर उगवतं. थोरल्याला पाणी सुटलंय. धाकट्याचा पाट बंद हाय. कोणी बंद केला? ज्याचा फोन उचलला नाय, त्यानं! मी नाय सांगत. पुंजाराम स्वतः सांगंल!"

मग धुपाटण्यात मूठमूठ ऊद पडला. घरात इतका धूर झाला की व्हिडिओत नुसता खोकलाच ऐकू येतो. महाराजांनी वाटीत अंगारा कालवला, आपल्या पंजाला फासला, अजिनाथच्या डोक्यावर दाबला आणि वर टॉवेल टाकून मोठ्याने मंत्र सुरू केले. थोड्या वेळाने अजिनाथचा आवाज येतो, "भाजतंय."

"भाजणारच! बाप तापलाय!"

टॉवेलाने डोकं पुसलं आणि हात दिसला. व्हिडिओ तिथे हलतो, कारण तो काढणाराही हात जोडत होता.

महाराजांनी निकालही लगेच दिला. येत्या अमावास्येला अजिनाथने मठात यायचं आणि तिथेच राहायचं. नोकरी नाही, बायको नाही, लेकरू नाही. लोकांनी त्या हाताचं दर्शन घेतलं की बापाचा राग हळूहळू उतरेल. थोडक्यात, मठाला एक जिवंत चमत्कार मिळणार होता आणि आमच्या घरातला एक माणूस जाणार होता.

मी दादाशी भांडले. म्हटलं, "अरे, एका आईबापाची मुलं सारख्या उंचीची तरी असतात का? केसांचंही तसंच असतं. कुणाचे महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, कुणाचे जास्त, कुणाचे त्याहून कमी."

"ते ठेव तुझ्या पुस्तकात. मग हात कुठून आला, सांग."

ते मला सांगता आलं नाही. आई तर माझ्याकडे बघतच नव्हती.

अजिनाथला मी एकटं गाठलं. "तुला काय वाटतं?"

"आबांनी दोनदा फोन लावला होता ताई."

"ते माहीत आहे. या हाताबद्दल विचारतेय."

"दोनदा," तो म्हणाला आणि पुन्हा पाटावर जाऊन बसला. ताटातली भाकरी तशीच होती. कामावर जाणं त्याने कधीच सोडलं होतं. मठात जायला तो तयार होता, आणि मला भीती त्याचीच वाटत होती.

संध्याकाळी मी मोरीत भांडी घासायला बसले. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काहीतरी ठेवलं होतं. महाराजांनी डोकं पुसलेला टॉवेल. धुवायचा नाही, अमावास्येला परत न्यायचा, असा हुकूम होता. मी गाठ सोडली. आधी उदाचा वास आला, आणि त्याखालून दुसरा, सडक्या अंड्यासारखा.

तो वास मी ओळखला. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये आम्ही मुली केस काढायची पावडर गुलमंडीच्या बाजारातून आणायचो. दुकानात आवाज खाली करून मागायची, दुकानदाराने कागदात गुंडाळून द्यायची. पाण्यात कालवून हातापायाला लावायची, थोडा वेळ थांबायचं, पुसायचं. केस निघून येतात. जास्त वेळ राहिली तर कातडी लाल होते, भाजते.

रूपा मागे उभी होती. मी टॉवेल तिच्यापुढे धरला. तिने वास घेतलाच नाही.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. वाटी कालवली तवाच वास आला."

"मग बोलली का नाहीस? नवरा चाललाय तुझा!"

"काय बोलू ताई? आत्याबाई समोर, भावजी समोर, सगळी वस्ती समोर. सासऱ्याच्या दुखवट्यात सून उठून सांगणार, महाराजांच्या अंगाऱ्याला केस काढायच्या पावडरीचा वास येतो म्हणून? तुला कसा ठावा, असं कोणी इचारलं तर?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. हात उमटला त्या दिवशी चाळीसेक बायका घरात होत्या. पुरुषांना तो वास माहीत नसेल, पण बायकांचं काय? प्रत्येकीच्या नाकाला उत्तर कळलेलं होतं आणि प्रत्येकीने पदराने नाक दाबलं होतं.

अमावास्येला महाराजांची जीप आली. मधल्या दिवसांत पंजात बारीक खुंट फुटले होते.

"हात पुसट व्हायलाय," महाराज म्हणाले. "नेण्याआधी परत उमटवतो. ऊद टाका!"

पुन्हा धूर, पुन्हा वाटी, पुन्हा पाणी. त्यांनी अंगारा कालवला आणि बाह्या सारल्या. तेवढ्यात मी पुढे जाऊन बसले.

"महाराज, मलाही थोडा द्या."

"लेकीला नाय लागत."

"बाप माझाही होता."

"द्या की महाराज," कुणीतरी मागून म्हणालं. "लेक हाय त्याची."

त्यांनी झोळीतून कोरड्या राखेची वेगळी पुडी काढली. मी म्हटलं, "ती नको. हाच, वाटीतला." आणि वेणीचं टोक त्या वाटीत बुडवलं.

"ए बाई! काढ! भलतं व्हईल!"

"ऱ्हाऊ द्या महाराज," शिवशंकरदादा भोळेपणाने म्हणाला. "आबांचा राग अजिनाथवर हाय. हिच्यावर कुठं हाय? हिला काय व्हणार नाय."

 मी म्हटलं, "मंत्र म्हणा. मागच्या वेळी म्हटले तेवढेच म्हणा." त्यांनी सुरुवात केली, पण आवाज चढेना. मी उठून खिडकी उघडली. धूर जायला लागला तसा तो वास घरभर पसरला. एकदोन पुरुषांनी नाकं मुरडली. बायकांनी माना खाली घातल्या.

मंत्र संपले तेव्हा मी ओल्या फडक्याने वेणीचं टोक पुसलं. वीतभर केस चिखलासारखे फडक्यात आले. आबांसाठी भावांनी केस दिले होते. आता माझेही गेले.

"दादा, बघ. आबा माझ्यावरही तापले का?"

दादा फडक्याकडे बघत राहिला. महाराज म्हणाले, "लेकीच्या मनात पाप असंल तर—"

"पाप नाय, पावडर हाय!"

रूपा होती. डोक्यावरचा पदर तसाच, पण हातात पाकीट होतं आणि ते तिने सासूच्या पुढ्यात, मोठ्या दिराच्या पुढ्यात उंच धरलं. "केस काढायची पावडर. दुकानात मिळती. आम्ही बायका वापरतो. राखंत मिसळली की झाला तुमचा अंगारा. पायजेल तर महाराजांनी सोताच्या दाढीला लावून दाखवावा."

महाराजांचा हात आपोआप दाढीकडे गेला आणि तिथेच राहिला. मागे कुणीतरी हसलं. मग मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "वास तर मला बी आला व्हता."

"मला बी," दुसरी म्हणाली.

"मला वाटलं मलाच येतोय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मनकर्णाकाकू, माझा भाऊ पाटावर बसून वाळत होता आणि तुम्ही लोकांना त्याच्या डोक्यावरची बोटं मोजून दाखवत होतात!" त्यांनी पदर पुढे ओढला. "जिथं श्रद्धा नाय तिथं मी थांबत नाय," म्हणत महाराज जीपकडे निघाले. कुणी अडवलं नाही. एका म्हाताऱ्याने तेव्हाही त्यांच्या पाया पडून घेतलं.

गर्दी पांगल्यावर दादा म्हणाला, "पावडर कळली मला. पण केस? ह्याचे उशिरा कामून आले, ते तर पावडरीनं नाय ना?"

मी आईकडे वळले. "आई, आजोबा गेले तेव्हा आबांचं मुंडण झालं होतं ना? त्यांचे केस कधी आले?"

 आई म्हणाली, "कुठं यायचे लवकर. तुझे काका पोळ्याला भांग पाडून हिंडत व्हते. ह्यांच्या डोक्यावर दिवाळीला बी चमक. मी हसायचे. दाढी बी आठ-आठ दिवस करायचे नाय. कराया लागायचीच नाय."

"आणि मेंढरांच्या लोकरीचं?"

आबांनी तरुणपणी दौलताबादच्या माळांवर मेंढरं राखली होती. आईला ते सांगावं लागलं नाही. "एका दिवशी सगळ्यांची लोकर कातरली, तरी सारखी कुठं येती? एखादी उशिराच धरती. अन् तिचं कोकरू बी तिच्यावानीच. हे तर कोकरू बघूनच त्याची आई कोणती ते सांगायचे."

ती अजिनाथकडे बघत होती. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

नंतर त्वचेच्या डॉक्टरांनीही हेच समजावलं, जरा विस्ताराने. केसाचं प्रत्येक मूळ आपल्या वेळेने चालतं. काही काळ वाढतं, काही काळ थांबतं. वस्तऱ्याने केस एका दिवशी कापले, म्हणून सगळ्या मुळांतून ते एका दिवशी फुटत नाहीत. वेग आईबापाकडून येतो. वय, आजारपण आणि खाणंपिणंही त्यात भर घालतात. पावडर वरचा केस खाते, कातडीखालचं मूळ तिच्या हाती लागत नाही. अजिनाथचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. डोकं भाजलं होतं तिथे मलम दिलं.

परत येताना तो म्हणाला, "पण फोन तर लागला होता ना, ताई."

"लागला होता. तू आत होतास. याचं वाईट वाटेल, आणि खूप दिवस वाटेल. पण वाईट वाटणं म्हणजे शाप नाही. ज्या केसांना लोक आबांचा राग म्हणत होते ना, ते केस आबांचेच आहेत. दादाला नाही मिळाले, तुला मिळालेत."

 घरी आल्यावर त्याने संस्कृतीला उचललं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच मागे घेतला.

"टोचतंय."

"टोचू दे," तो म्हणाला. मग रूपाकडे भाकरी मागितली.

महाराज दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीवर गेले असतील. तिथेही कुणीतरी गेलेलं असेल, कुणाचे केस उशिरा येत असतील, आणि ऊद पेटवायला कुणी ना कुणी तयार असेल. तिथल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे: धूर झाला की खिडकी उघडा. आणि वास आला तर वास आला असं म्हणा. मोठ्याने म्हणा, समोर सासू असो, दीर असो की महाराज. लाज एका क्षणाची असते. आमच्या घरातून एक माणूस जायला निघाला होता.