बंद जनुक उघडणारा माणूस

"घरी कोणी थेंब, पुडी, काहीही दिलं, तर आधी आम्हाला दाखवा," ऑपरेशननंतर दादाला घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या. मी मान हलवली आणि मुलीचा हरवलेला बूट शोधायला वाकले. आमच्यासारख्या शिकलेल्या घरात असलं कोण घेणार?

आणि आता भाड्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि व्यासपीठावर माझा सख्खा भाऊ उभा होता. आदल्या आठवड्यात त्याचा उजवा हात लुळा पडला होता, शब्द तोंडातच अडकत होते. आज त्याने तोच हात वर केला आणि स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं. टाळ्यांनी छत दणाणलं. वहिनीच्या डोळ्यांना धार लागली.

"बघा!" दादावर उपचार करणारे स्पंदनगुरू माइकमध्ये गरजले. "डॉक्टर सांगतात, याच्या मेंदूच्या गाठीत एक जनुक बंद आहे. अहो, घरातला दिवा बंद असला तर आपण घर पाडतो का? बटण दाबतो! मी बटण दाबलं!"

बटण म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं. ते रुग्णाच्या कानाला लावून हा गृहस्थ त्यात गुणगुणायचा, मग जिभेखाली निळ्या बाटलीतले थेंब सोडायचा. अट एकच: रेडिएशन नाही, केमोच्या गोळ्या नाहीत. "नाहीतर उघडलेलं जनुक घाबरून परत मिटतं." जनुक म्हणायचं की सासरी आलेली नवी नवरी?

दादाने दोन्ही थांबवलं होतं. मी भांडले, रडले, अबोला धरला. काही उपयोग नाही. जो माणूस बोलू लागलाय, त्याच्यापुढे माझं बोलणं काय टिकणार?

"चार चार वेळा जेवतात गं," घरी गेल्यावर वहिनी कौतुकाने म्हणाली. "चेहरा बघ कसा भरलाय!"

"भरला नाही वहिनी, सुजलाय. माझ्या पोरीला दम्यासाठी स्टिरॉइड दिलं होतं ना, तेव्हा अशीच भूक, अशीच चिडचिड. झोपेचं तर नावच नको."

"तुला सगळीकडे रोगच दिसतो. पोर शिंकली की थर्मामीटर काढतेस."

"काढते. पण या बाटलीवर औषधाचं नाव का नाही?"

"बास करा दोघी!" दादा ओरडला. "मी चालतोय, बोलतोय, हे खुपतंय का तुला?"

ते लागलं मला. तरी म्हटलं, "दादा, ही बाटली तपासायला देऊ. काही निघालं नाही, तर मी स्वतः त्या नरसाळ्यापुढे बसेन."

किती दिवसांनी तो हसला. "दोन्ही कान द्यायचे हं."

थेंबांत स्टिरॉइडच निघालं. दादाची साखरही भलतीच वाढलेली.

"गाठीभोवती सूज येते, ती मेंदूला दाबते," डॉक्टर म्हणाल्या. "स्टिरॉइडने सूज उतरते, म्हणून हात उचलला, वाचा आली. ऑपरेशननंतर उरलेली गाठ मात्र वाढतेच आहे. आणि हे एकदम बंद करू नका, डोस आम्ही ठरवू."

"पण जनुक?" वहिनीने विचारलं. "ते उघडलं ना?"

"अहो, ते बंद आहे हीच तर तुमची चांगली बातमी होती! केमोची गोळी गाठीच्या पेशी मोडते. हे जनुक चालू असलं की त्या पेशी स्वतःला दुरुस्त करून घेतात. यांच्या गाठीत दुरुस्ती बंद, म्हणजे गोळीचा मार जास्त बसतो. अशा रुग्णांना सरासरीने जास्त आयुष्य मिळतं. बरं होण्याचं वचन मी देत नाही. पण ते जनुक उघडावं, असं फक्त गाठीलाच वाटेल."

जी गोष्ट आमच्यासाठी आशा होती, तीच आम्ही जाऊन त्या माणसाकडे आजार म्हणून मांडली होती.

"आणि गेले ते आठवडे?" दादाने विचारलं.

"ते नाही देता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचे वापरू."

रेडिएशन पुन्हा सुरू झालं, गोळ्याही. गाठ मधल्या काळात मोठी झाली होती. स्पंदनगुरूंना मी फोनवर जाब विचारला, तर म्हणाले, "ताई, प्रयोगशाळेला स्पंदन कुठे कळतं?" मी तक्रार केली. तिचा तपास चालू आहे म्हणतात. हॉलही चालू आहे. परवा तिथे कुणाची तरी बहीण हात वर करत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्या टाळ्या ऐकल्या की माझं डोकं फिरतं. उचललेला हात खोटा नसतो, पण तो कशाने उचलला गेला, हे विचारायचं कुणी? उरलेल्या रुग्णांचं काय झालं, हे कोण मोजतंय? व्यासपीठावर चढायला जे उरलेच नाहीत, त्यांची साक्ष कोण देणार?

तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, ज्याने चालू उपचार सोडलेत आणि ज्याला "आता छान वाटतंय". फोनवर विचारू नका, फोनवर सगळेच बरे असतात. आज त्यांच्या घरी जा. ते जे घेतात, ती बाटली हातात घ्या. ती डॉक्टरांना दाखवलीत का, एवढं विचारा, आणि चिडले तरी लगेच उठू नका.