तळ्यावरचा चोर

गोवर्धनच्या शेततळ्यातले रोहू कमी होऊ लागले, तेव्हा त्याने शेजारच्या बुधाजीचं नाव घेतलं, तेही तिवशाच्या स्टँडवर, चारचौघांत. बुधाजीने फक्त बांधावरून येणं-जाणं बंद केलं.

गोवर्धनची धाकटी बहीण साधना अमरावतीच्या एका संस्थेसाठी वर्धा नदीच्या काठाने पाणमांजरांचा माग काढायची. अख्ख्या हिवाळ्यात तिला ठसे तेवढे सापडले होते, जनावर एकदाही दिसलं नव्हतं. माहेरी आली आणि सहज तळ्यावर गेली, तर काठच्या गाळात तेच पाच बोटांचे ठसे आणि बाजूला खवल्यांनी भरलेली विष्ठा. ती हरखली. मग तिला बुधाजी आठवला. सांगावं तर दादा फासे लावणार, न सांगावं तर एक माणूस फुकट चोर ठरणार.

रात्री जेवताना तिने सांगून टाकलं.

"दादा, बुधाजीभाऊनं नाई नेले मासे. पाणमांजर येऊन राहिलं."

"तुले कसं मालूम?"

"ठसे पायले ना मी. सकाळी चाल माह्यासंग."

उजाडायच्या आत दोघं तुरीच्या आड जाऊन बसले. गोवर्धनने काठी आणली होती. साधनाने ती पाहिली.

तांबडं फुटलं तशी नाल्याकडून एक मादी आली, मागोमाग तीन पिल्लं. मादीने बुडी मारली, मासा तोंडात धरून वर आली, आणि पिल्लं त्याच्यावर चिरकत तुटून पडली. साधना पुढे वाकून बघू लागली. शेजारी गोवर्धन उठला होता. त्याने काठी उगारली, थोडा वेळ तशीच धरली आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवर आपटली. चारही जनावरं नाल्यात पसार झाली.

"चार तोंडं," तो म्हणाला. "मंग मासे उरतीन कसे?"

त्याच दिवशी त्याने तळ्याला जाळी मारली. बुधाजीच्या दारात जायला मात्र त्याला आठवडा लागला. साधना सोबत होती.

बुधाजीने ऐकून घेतलं. "स्टँडवर बोलला ना तू? मंग तिथंच सांग."

दुसऱ्या दिवशी गोवर्धनने साधनाच्या देखत, स्टँडवरच्या पानठेल्यासमोर, खाली मान घालून, सगळं सांगितलं. लोक हसले. बुधाजी हसला नाही. तो साधनाकडे वळला.

"पिल्लं केवढी होती वं बाई?"

साधनाने हाताने माप दाखवलं.