खाटेचा टेकू

"तंबूच बरा," असं म्हणत हार्मेनने गाडीमागे ओढायच्या ट्रेलर-तंबूचा एक लोखंडी खांब उचलला आणि डोक्याच्या वर न्यायला गेला. उजवा खांदा मध्येच अडला. चेहऱ्यावर काही न दाखवता त्याने खांब हळूच खाली टेकवला.

रूलीनने ते पाहिलंच.

"हा खांदा घेऊन तू तंबू उभारणार? खांब बघ किती आहेत. कॅम्पवर शेजारचे खुर्च्या टाकून आपली मजा बघत बसतील."

"बघू देत."

"त्यापेक्षा घडीचा कॅम्पर घेऊ. झाकण उघडायचं, दोन्हीकडच्या खाटा बाहेर ओढायच्या, झालं. आत ओटा, आत बाकं. इतकी वर्षं त्यातच झोपलो ना आपण?"

"म्हणूनच म्हणतो. आता जरा बदल."

बदल! या माणसाला बदलाचं भारी वावडं. रोज सकाळी तोच पाव, त्यावर तेच चॉकलेटचे दाणे, आणि घरातले पडदे नवे आणले तेव्हा तो आठवडाभर तोंड पाडून बसला होता. पण गेल्या उन्हाळ्यात कॅम्परची खाट मोडल्यापासून त्याने तंबूचा धोशा लावला होता. रूलीनने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला होता. तंबू स्वस्त होता, आणि नवरा चिक्कू होता.

बाहेर मार्चमधला पाऊस आडवा मारत होता. आत पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये हंगामाआधीचं प्रदर्शन भरलं होतं. हिरव्या गालिच्यावर तंबू आणि कॅम्पर उभे होते आणि द्रेंथ प्रांतातली निम्मी बिऱ्हाडं त्यांत डोकावत फिरत होती. लामर्टही आला होता. कॅम्पवर दरवर्षी त्याचा तंबू या दोघांच्या शेजारी. त्याला काहीच घ्यायचं नव्हतं, कॉफी आणि केक फुकट आहे एवढंच त्याला पुरेसं होतं.

"घे रे, तंबूच घे," तो केक चावत म्हणाला. "कॅम्पर घेतलास की पुन्हा टेकू विसरशील!"

हार्मेन हसला. रूलीनही हसली. ती या विनोदाला नेहमीच हसायची, कारण तो पसरवलाच तिने होता.

गेल्या उन्हाळ्यात आमेलांड बेटावरच्या कॅम्पवर, भल्या पहाटे, ती दोघं झोपलेली खाट कडकन मोडली होती आणि ती रात्रीच्या कपड्यांत ओल्या गवतात घरंगळली होती. तंबूंची अख्खी ओळ जमा झाली. कुणी दात घासता घासता, कुणी काखेत संडासाच्या कागदाची गुंडाळी घेऊन. रूलीनला उठता येईना. दोन बायकांनी तिला दोन्ही दंडांना धरून ओढलं, आणि त्या एका क्षणात तिला वाटलं, आता कुणीतरी बोलणार. तिच्या अवजड अंगाबद्दल बोलणार. तेवढ्यात गवतात बसलेला हार्मेन मोठ्याने म्हणाला, "टेकू लावायचाच विसरलो की मी!"

सगळे खो-खो हसले. सगळ्यांत जास्त रूलीन हसली, सुटकेने. मग हिवाळाभर ती गोष्ट तिने ज्याला त्याला सांगितली. हार्मेनच्या वाढदिवसाला पाहुणे नेहमीसारखे खुर्च्या गोलाकार मांडून बसले होते, तेव्हा तिने त्याला नारिंगी फीत बांधलेला लाकडी टेकू भेट दिला. तो अजून घरी दाराशी छत्र्यांच्या डब्यात उभा होता.

"दाखवू का उघडून?" दुकानातली पोरगी जवळ आली. कोटावर नाव होतं, फेम्के. उत्तराची वाट न बघता तिने कॅम्परची खाट सर्रकन बाहेर ओढली. "तुमच्याकडे कुठला होता?"

"हाच," रूलीन म्हणाली. "याचंच जुनं मॉडेल."

"मग तुम्हाला काय शिकवायचं! फक्त एका बाजूला किती वजन चालतं तेवढं सांगायला लागतं आम्हाला. तुम्ही दोघं एकाच बाजूला झोपता की..."

"मी जाड आहे," हार्मेन घाईघाईने म्हणाला. "माझंच वजन फार."

लामर्टला ठसका लागला. हार्मेनचा कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"वजन जास्त होत असेल तर दोघांनी दोन बाजूंच्या खाटांवर झोपायचं," फेम्के म्हणाली. "बरेच लोक झोपतात."

"ते नको." हार्मेनचे कान लाल झाले. "म्हणूनच तंबू. त्यातली खाट गाड्याच्या बुडावरच असते, कितीही वजन चालतं."

रूलीनला हे बोलणं आवडलं नाही. वजनावरून विषय हटवावा म्हणून ती म्हणाली, "वजनाचं सोड गं. आमचा हा टेकूच लावायला विसरतो, त्याला तू काय करणार?"

"टेकू?" फेम्के हसली. "तो कसा विसरेल कुणी? हे बघा."

तिने खाटेखालचा लोखंडी टेकू खाचेतून काढला. खाट आपोआप आत सरकली. तिने पुन्हा ओढली, ती पुन्हा आत गेली. मग तिने टेकू खाचेत बसवला आणि खाट खट्ट आवाज करून जागच्या जागी अडकली.

"टेकू नसेल तर खाट बाहेर राहतच नाही. झोपणार कुठे?"

"हे नव्या मॉडेलमध्ये असेल," हार्मेन म्हणाला.

"छे, पहिल्यापासून असंच आहे."

रूलीनने स्वतः टेकू काढला. खाट आत गेली. तिने ती बाहेर ओढून एका हाताने धरून ठेवली आणि खालचा लोखंडी टेकू हातात घेऊन पाहत राहिली. तिकडे बेटावर मोडकी खाट हार्मेनने एकट्याने आवरली होती. खाटेखालचं सगळं लोखंड घोंगडीत गुंडाळून तो स्वतः भंगारात टाकून आला होता, आणि ती मदतीला गेली तेव्हा वसकन अंगावर आला होता. त्याचाही तिला तेव्हा राग आला होता. तीही गोष्ट तिने लोकांना सांगितली होती.

हार्मेन वाकून कॅम्परचा टायर अंगठ्याने दाबून बघत होता. नव्या टायरमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली ती आपल्या अंगाची नाही. त्या नारिंगी फितीची वाटली. फितीची गाठ तिने नीट फुलासारखी बांधली होती.

"मग तंबू लिहू?" फेम्केने विचारलं.

"तंबू," हार्मेन टायरशी बोलल्यासारखा म्हणाला.

"कॅम्पर," रूलीन म्हणाली. "त्याचा खांदा दुखतो. जाड टेकू मिळतात का?"

"मिळतात. पण मग वजन नक्की सांगावं लागेल."

रूलीनने दोघांचं वजन सांगितलं. आधी त्याचं, मग आपलं, खरं आणि मोठ्याने. शेजारच्या तंबूतल्या बाईने डोकं बाहेर काढलं. लामर्टचा केकचा हात तोंडापाशीच थांबला.

"टेकू त्याने लावला होता, लामर्ट," ती म्हणाली. "वाकला तो माझ्यामुळे. आणि हिवाळाभर मी..."

लामर्ट गालिच्याकडे बघू लागला.

हार्मेन गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठला. त्याने तिच्या हातातून टेकू घेतला, खाचेत बसवला आणि दोनदा हलवून पाहिला.

"नाही नाही," तो लामर्टला म्हणाला, "मीच नीट घट्ट केला नसेल."